हाड चांगलं आहे

मालनकाकूंनी रुमालाची गाठ सोडली, आतली खालची कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हिला आता तुमीच सांभाळा. माझ्याच्यानं होत न्हाई."

शेजारी त्यांचे मिस्टर बसले होते. विरूपाक्ष कोरे, एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. तासगावात त्यांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणायला लागले. ते म्हणाले, "हिला पक्के दात पायजेत, म्याडम. ते स्क्रूचे असत्यात बगा, तसले."

कवळीनं काय केलं होतं ते काकूंनीच सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी नाव घ्यायचा आग्रह केला. काकूंनी उखाणा सुरू केला आणि 'विरूपाक्षरावांचं' म्हणता म्हणता खालची कवळी सुटली ती थेट वाणाच्या ताटात, तिळगुळाच्या वड्यांवर. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काकूही हसल्या. पण त्या दिवसापासून त्या चारचौघांत तोंडावर हात धरूनच बोलत, आणि माझ्याशी बोलतानाही हात तिथंच होता. खाण्याचं तर विचारूच नका म्हणाल्या. भाकरी आमटीत कुस्करून खायची. त्याला काय जेवण म्हणायचं?

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. पुण्याला इम्प्लांटचा, म्हणजे त्या स्क्रूच्या दातांचा, कोर्स करून नुकतीच आले होते आणि दवाखान्याच्या पाटीवर जुन्या अक्षरांखाली नवी ओळ रंगवून घेतली होती. तोवर चार पेशंटना इम्प्लांट बसवले होते, चारही छान बसले होते. त्यामुळं पाचव्याची मी वाटच बघत होते म्हणा ना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातला प्रकार.

खालची कवळी कुणाचीही नाचते. वरची टाळूला चिकटून राहते, खालचीला धरायला काही नसतं, त्यात जीभ तिला सारखी ढकलत असते. काकूंना मी ते समजावून सांगितलं. जबड्याच्या पुढच्या भागात, हाडात, दोन खुंट्या बसवायच्या. हाड त्यांना धरून घेतं. मग कवळी वरून दाबली की टिचबटणासारखी बसते. जेवताना हलत नाही, उखाण्यातही हलत नाही.

"हाडाला भोक पाडनार?" काकूंनी विचारलं.

"भूल देऊन. दुखत नाही."

त्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "करून टाकू."

इम्प्लांट कुणाला चालेल आणि कुणाला नाही हे ठरवायची माझ्याकडे एक छापील यादी होती. साखर, रक्तदाब, हृदयविकार, आधीची ऑपरेशनं, चालू औषधं. यादी चांगली होती, पण ती पुण्याची होती. आमच्याकडे 'औषधं कुठली चालू आहेत' म्हणून विचारलं तर लोक खोकल्याच्या बाटलीबद्दल सांगतात. म्हणून मी माझ्यापुरती त्यात सुधारणा केली होती. मी विचारत असे, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" त्याला नीट उत्तर मिळतं, असा माझा अनुभव होता आणि या शहाणपणाचा मला थोडा अभिमानही होता.

काकूंना विचारलं. उत्तर अण्णांनी दिलं. बीपीची एक, कॅल्शियमची एक आणि 'एक अशीच रोजची'. काकू म्हणाल्या की गोळ्या हेच पाकिटातून काढून हातावर ठेवतात, त्यांना नावं ठाऊक नाहीत. किती काळजी घेतात, असं मला वाटलं. ऑपरेशन काही झालंय का? काकू म्हणाल्या, चार वर्षांखाली एक गाठ काढली. "साधी हुती," अण्णा म्हणाले. मी 'साधी गाठ' असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले. कुठली गाठ, ते विचारलं नाही.

मग तोंड बघितलं. हिरड्या काळपट होत्या. काकू मिश्री लावत होत्या. तव्यावर भाजलेली तंबाखू, दिवसातून चार वेळा, चाळीस वर्षं. मी म्हटलं, दातच नाहीत तर मिश्री कशाला लावता?

"दातांसाठी कोन लावतंय?" काकू म्हणाल्या.

हे खरंच होतं. आमच्या भागातल्या बायका मिश्री घेऊन अंगणात बसतात तो त्यांचा दिवसातला एकमेव मोकळा वेळ असतो. पण तंबाखू असेल तर हाड खुंटीला नीट धरत नाही. मी अट घातली. दोन महिने पूर्ण बंद, मगच इम्प्लांट. काकू म्हणाल्या की आधी फोटो काढा, माझं हाड कसं हाय ते बघा, त्यावर ठरवते. बाई हिशेबी दिसली. मी सांगलीला स्कॅनसाठी चिठ्ठी दिली.

आठवड्यानं स्कॅन आला. पेशंटला सगळं पडद्यावर दाखवायची माझी तेव्हा पद्धत होती, अजूनही आहे. काकूंना शेजारी बसवून मी त्यांचा जबडा कॉम्प्युटरवर उभा-आडवा फिरवून दाखवला. पुढचा भाग रुंद, भरीव, पांढराशुभ्र होता. त्या वयाच्या, दात गेलेल्या बाईच्या जबड्यात सहसा एवढं हाड शिल्लक राहत नाही.

"हाड चांगलं आहे, काकू," मी म्हटलं.

"चांगलं हाय?"

"एकदम चांगलं."

"म्हंजे काय बिघाड न्हाई त्यात?"

"नाही. हाड चांगलं आहे."

त्या पडद्याकडं बघत राहिल्या. मग किती दिवस लागतील म्हणाल्या. मी सांगितलं, मिश्री सोडून दोन महिने, मग खुंट्या बसवल्यावर हाडानं त्या धरायला चार महिने. आत्ता वैशाख चालू आहे. दिवाळीला चकली खाल. काकूंनी बोटांवर महिने मोजले, मला पुन्हा एकदा विचारलं, "दिवाळीपर्यंत थांबायचं?" आणि मी हो म्हटल्यावर हसल्या. तोंडावर हात न धरता हसल्या.

स्कॅनमध्ये एक गोष्ट खटकली होती. डावीकडचा खालचा सुळा हा त्यांचा शेवटचा दात. तो पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी काढला होता. वरून हिरडी छान भरली होती, पण आत हाडात सुळ्याचा खड्डा अजून जसाच्या तसा दिसत होता, कडांसकट. पाच महिन्यांत तो निम्माअधिक भरायला हवा. मी ते मिश्रीच्या खात्यावर टाकलं. ज्याचं कारण आधीच हाताशी असतं त्याचं दुसरं कारण माणूस शोधत नाही.

काकूंनी त्याच दिवशी मिश्री सोडली. पुढचे दोन महिने त्या अधूनमधून दाखवायला येत, दर वेळी अण्णा बरोबर. अण्णा त्यांना हात धरून जिना चढवत, चपला नीट लावून ठेवत. काकू म्हणाल्या पंखा नको तर अण्णा पंखा बंद करत. काकू म्हणाल्या आज रिक्षा नको, चालत जाऊ, तर अण्णा म्हणत, बरं. एवढा 'बरं' म्हणणारा नवरा मी पाहिला नव्हता. माझ्या नवऱ्याला मी दोनदा त्यांचं उदाहरण दिलं आणि दोन्ही वेळा घरात भांडण झालं. एकदा मी काकूंनाही म्हटलं की असा माणूस मिळायला नशीब लागतं. त्या नुसतं हं म्हणाल्या.

दोन महिने झाले. हिरड्यांचा रंग उजळला होता. खुंट्या बसवायचा दिवस ठरवायचा, म्हणून मी एक छोटा एक्सरे काढला. सुळ्याचा खड्डा तिथंच होता. जुना स्कॅन शेजारी लावून बघितलं. तसूभर फरक नव्हता. सात महिने, त्यात दोन महिने मिश्री नाही, साखरेचा आजार नाही, आणि खड्डा काल दात काढावा तसा. असं होण्याचं एक कारण मी कोर्समध्ये शिकले होते.

अण्णा खाली मेडिकलमध्ये गेले होते. मी काकूंना विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काही चालू आहे का? इंजेक्शन वगैरे?"

"न्हाई. त्ये सलाईन तेवढं."

"कसलं सलाईन?"

"ताकदीचं. म्हैन्याच्या म्हैन्याला मिरजेला जाऊन लावून घेतो की आमी."

आता आमच्याकडे सलाईन हे औषधात मोडत नाही. अशक्तपणा आला, सलाईन लावली. लग्नघरात दमली, सलाईन लावली. ज्याच्या त्याच्या बोळात एक डॉक्टर ते लावतोच. गोळी म्हणजे औषध, सलाईन म्हणजे ताकद, हे आमच्या मुलखात लहान पोरालाही माहीत आहे. मी इथंच वाढलेली, मला हे माहीत असायला हवं होतं. पण ताकदीच्या सलाईनसाठी दर महिन्याला कुणी मिरजेला जात नाही. ती बोळातच लावून मिळते.

मी काकूंना म्हटलं की जुन्या रिपोर्टची फाईल बघायची आहे, उद्या अण्णांना एकट्यालाच पाठवा, तुम्ही जिना चढू नका. काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं आणि बरं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. मी फाईल मागितली होती, ती आणली होती, पण पिशवीतून काढीनात. मी हात पुढं केला तेव्हा दिली. छातीतला कॅन्सर. चार वर्षांपूर्वी काढलेली गाठ तीच. दीड वर्षापासून तो कण्याच्या आणि खुब्याच्या हाडांत उतरला होता, आणि ती हाडं मोडू नयेत म्हणून दर महिन्याला शिरेतून औषध चालू होतं. तेच ते ताकदीचं सलाईन.

"हिला म्हाईत न्हाई," अण्णा म्हणाले. ते अजून उभेच होते. "गाठ साधी हुती आन सलाईन ताकदीचं हाय, असं सांगितलंय. मी आन बसूनं ठरवलं तसं." बसू म्हणजे बसवराज, त्यांचा पुण्यातला मुलगा.

मी त्यांना समजावलं. हे औषध हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथून हलत नाही. त्यानं हाड टिकतं, पण जखम भरून काढायची हाडाची ताकद जाते. अशा जबड्यात मी भोक पाडलं तर ते हाड मरू शकतं. मग ते हिरडी फाडून बाहेर येतं, पू होतो, दुखतं, पाणी पिणंसुद्धा मुश्कील होतं. सुळा काढल्यावर तसं झालं नाही हे नशीब. इम्प्लांट बसवता येणार नाहीत.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्याडम, मिरजेचे डॉक्टर म्हनालेत, वरीस, फार तर दीड वरीस. घाला तुमी. काय व्हायचं ते हुंदे. तिनं तोंड उघडून मागितलंय आन मी हो म्हनलोय."

"अण्णा, त्या वर्षात जबडा सडला तर ते वर्ष कसं जाईल त्यांचं?"

तेव्हा ते खुर्चीवर बसले. म्हणाले की मग तुम्हीच नाही म्हणून सांगा, पण खरं कारण सांगू नका. हाड कमी पडतंय म्हणा. डॉक्टरनं हाड कमी म्हटलं की ती पुढं विचारणार नाही.

मी हो म्हणाले. म्हणायला नको होतं. ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते, हे एक. दुसरं म्हणजे, हाड कमी पडतंय या खोट्यात माझी स्वतःची चूकही झाकली जात होती. कुठल्या कारणाला किती जोर होता ते मी आजही सांगू शकणार नाही.

तिसऱ्या दिवशी दोघं आले. अण्णा बाहेरच्या बाकावर बसले, आत यायची त्यांची छाती झाली नाही. काकू खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या गळ्याला रुमाल बांधला, हात धुतले, पुन्हा धुतले आणि सांगितलं की इम्प्लांट जमणार नाहीत, हाड कमी पडतंय.

काकू म्हणाल्या, "पर तुमीच दाखवलं हुतं की मला."

"तेव्हा वरवर बघितलं होतं. आता नीट मोजलं."

"हाड चांगलं हाय म्हनाला हुता. दोनदा म्हनाला. मीच वदवून घेतलं दुसऱ्यांदा." त्यांनी कॉम्प्युटरकडं बोट केलं. "लावा त्ये. कुटं कमी हाय ते दाखवा."

मी लावलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पडद्यावर काकूंचा जबडा आला, रुंद, भरीव, पांढराशुभ्र. मी माऊस इकडून तिकडं फिरवला. कमी कुठं दाखवणार होते?

काकूंनी मला फार वेळ लटकत ठेवलं नाही.

"डॉक्टर, मी सातवी पास हाय," त्या म्हणाल्या. "मिरजेला ज्या खोलीत सलाईन लावत्यात तिच्या दारावर काय लिवलंय ते मला वाचता येतं. शेजारच्या खाटंवरच्या बायांच्या डोक्याला क्यास न्हाईत, त्ये बी दिसतं."

"अण्णांना विचारलं नाहीत कधी?"

"त्यास्नी काय विचारायचं? लग्नाला एक्केचाळीस वर्सं झाली. ह्या मानसानं एका गोष्टीला पहिल्या झटक्यात हो म्हनलं न्हाई. ग्यास घ्या म्हनलं, न्हाई. माहेरी जाते म्हनलं, न्हाई. चार दिस भांडायचं, मग हो. त्यातच आमचा संसार झाला. आन स्क्रूचं दात पायजेत म्हनलं, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात आनून हुबी केली मला. न्हाई म्हनायचं ठावंच न्हाई आता त्यास्नी. तवाच माझी खात्री झाली."

काकू शांतपणे, एखाद्या शेजारणीबद्दल सांगावं तसं सांगत होत्या.

"मग मी म्हनलं, ही डॉक्टर परकी बाई हाय. हिला माझी दया यायचं कारन न्हाई. ही माझं हाड बघंल आन खरं सांगंल. दात पायजे हुतं, त्ये खोटं न्हाई. पर त्येच्याहून जास्त मला त्ये ऐकायचं हुतं. आन तुमी म्हनाला, हाड चांगलं हाय. सहा म्हैनं थांबा म्हनाला. दिवाळी म्हनाला. मला वाटलं, चुकलंच माझं. जिचं काय खरं न्हाई तिला कोन सहा म्हैनं थांबा म्हनंल? मिश्री सुटली ती तेच्यामुळं. दातासाठी सुटली नसती."

दोन महिने ही बाई आपल्याला काही झालेलं नाही असं समजून राहिली होती, आणि ते माझ्यामुळं. यादीतल्या एका ओळीवर मी थांबले नाही म्हणून. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटलेली नाही.

"आता एकच सांगा," काकू म्हणाल्या. "तुमी न्हाई म्हनताय ते हाडामुळं, का उरलेल्या म्हैन्यांमुळं?"

"हाडामुळं," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. सलाईन कशाचं आहे, ते हाडात काय करतं, सुळ्याचा खड्डा का भरला नाही, तोही पडद्यावर दाखवला. पहिल्याच दिवशी सलाईनचं विचारायला हवं होतं, विचारलं नाही, ही चूक माझी, तेही सांगितलं. आणि अण्णांच्या सांगण्यावरून आत्ता खोटं बोलले तेही. महिन्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. ते मिरजेचे डॉक्टर सांगतील, तुम्ही स्वतः विचारलंत तर, असं म्हटलं. पुढं काकूंनी दोन दिवाळ्या बघितल्या, पण त्या दिवशी ते मलाही ठाऊक नव्हतं आणि मिरजेच्या डॉक्टरांनाही.

काकूंनी सगळं ऐकलं. सुळ्याचा खड्डा पुन्हा एकदा दाखवायला लावला. मग म्हणाल्या, "त्यास्नी आत बोलवा."

अण्णा आले ते माझ्याकडं बघतच. नजरेत प्रश्न होता, की सांगितलं ना हाडाचं? मी मान खाली घातली.

"मला सगळं ठावं हाय," काकू म्हणाल्या. "त्यांच्याकडं बघू नका, त्यांनी न्हाई सांगितलं. दीड वर्स झालं, मला ठावं हाय."

अण्णा दारातच उभे राहिले. मी स्टूल पुढं सरकवलं, पण ते बसले नाहीत.

"आन तरी मला हे दात पायजेत," काकू म्हणाल्या. "डॉक्टर न्हाई म्हनत्यात. माझ्या जबाबदारीवर घाला म्हनून मी सही करून देते. तुमी काय म्हनता?"

मी मध्ये बोलणार होते. त्यांनी सही केली तरी मी हात लावणार नव्हते. पण काकूंचं माझ्याकडं लक्षच नव्हतं, त्या अण्णांकडं बघत होत्या. आदल्याच दिवशी हा माणूस मला 'घाला तुमी, काय व्हायचं ते हुंदे' म्हणाला होता.

अण्णांचे ओठ दोनतीनदा हलले. मग ते म्हणाले, "न्हाई."

"काय म्हनला?"

"न्हाई म्हनतोय. जबडा सडवून घिऊन काय करनार हायस? पानी पिता यायचं न्हाई. त्यापरीस कवळीच घे दुसरी, चांगली बसनारी. सही-बिही काय करायची न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई."

काकूंनी डोकं खुर्चीला टेकलं आणि डोळे मिटले. दोन महिने त्या माझ्या खुर्चीत बसत होत्या, पण पाठ कधी टेकली नव्हती. जरा वेळानं डोळे न उघडताच मला म्हणाल्या, "घ्या माप. कवळीचं."

मी वाटीत पावडर आणि पाणी घोटलं, त्यानं मापाचा ट्रे भरला. काकूंनी तोंड उघडलं, मी ट्रे बसवला आणि बोटांनी दाबून धरला. नेहमीचं वाक्य म्हटलं, की आता तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही.

आणि अण्णा सुरू झाले.

"दीड वर्स ठावं हुतं तर बोलली का न्हाईस? मी गाढव हाय का? गोळ्यांची पाकिटं खिशात लपवून फिरतोय. कचऱ्यात टाकली तर तू वाचशील म्हनून पार कॅनॉलवर जाऊन टाकतोय. मिरजंला जाताना एस.टी.त तू खिडकीतनं बघत बसतीस, मी हिकडं तोंड करून रडतोय. बसू फोन करतोय तर न्हानीत जाऊन बोलतोय, नळ सोडून. आन हिला ठावं हाय! ठावं हाय आन गप बसलीया! एकदा म्हनली असतीस तर मी..." त्यांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. मिश्री विचारून का सोडली नाहीस. पायऱ्या चढू नको म्हटलं तरी माळ्यावर का चढलीस. पंख्याचं वारं नको म्हणतेस, मग उकाड्यानं जीव जातो माझा. रिक्षा नको म्हणतेस, मग गुडघे दुखतात माझे. दीड वर्षाचं सगळं साठलेलं होतं.

काकूंच्या तोंडात ट्रे होता. त्यांना बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी कानांकडं उतरत होतं आणि हात वर करून त्या अण्णांना एक बोट दाखवत होत्या, थांबा म्हणून. अण्णा थांबले नाहीत.

मी घड्याळाकडं बघितलं. तीन मिनिटं होऊन गेली होती. माप आत घट्ट झालेलं बोटांना कळत होतं. तरी मी आणखी एक मिनिट ट्रे काढला नाही, मग आणखी एक. अण्णा दमले, स्टुलावर बसले, तेव्हा काढला.

काकूंनी चूळ भरली. पदरानं तोंड पुसलं. खुर्चीत सरळ बसल्या आणि त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "झालं? आता गप बसा आन माझं ऐका."